मदत येईपर्यंतचा काळ

हॉलमध्ये तेवीस मुलं होती. बारा मुली, अकरा मुलगे, सगळी तेरा ते पंधरा वयाची. जमिनीवर रद्दी वर्तमानपत्रांचे चार गठ्ठे, चिकटपट्टीची सहा रिळं, कात्र्या मुद्दाम तीनच. भिंतीलगत दोन खुर्च्या, एक माझी आणि एक माझ्या जोडीदार निरीक्षकाची, मध्ये एवढं अंतर की एकाची नजर दुसऱ्याच्या कागदावर जाऊ नये. पाण्याचं पिंप एक, पेले दोन. खिडक्या पाच, त्यातली एक नीट लागत नाही. पहिल्या फेरीच्या वेळी जे जिथे होतं ते तिथेच असावं म्हणून मी सकाळी लवकर येऊन सगळं मांडलं होतं, रिळंसुद्धा त्याच कंपनीची शोधून आणली होती, कारण या चार महिन्यांत बदललेली असतील तर ती मुलं असावीत, चिकटपट्टी नव्हे. बदललेली गोष्ट एकच होती आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. सोळा नंबरची मुलगी सकाळी जिन्यात माझ्यासाठी थांबली होती, आणि म्हणाली होती, "ताई, या वेळी मी नको ना."

सोळा हा आमच्या कागदावरचा नंबर. तिचं नाव मला माहीत होतं, पण नावं लिहायची नाहीत असा नियम होता आणि नियम चांगला होता. मी खालून वर चढत होते, ती वरच्या पायरीवर उभी होती, त्यामुळे तिचा चेहरा बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर आला. असं सहसा होत नाही. मुलं आपल्याला वरून दिसतात, भांग, कान आणि मान. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. "का गं?" मी विचारलं. "मला मग कसंतरी होतं. नंतर दोन-तीन दिवस होत राहतं." "कसंतरी म्हणजे?" हे मी सवयीनं विचारलं, कारण कसंतरी हे उत्तर नसतं, त्याचे पुढे चार पर्याय करावे लागतात. "कसंतरी म्हणजे कसंतरीच," ती म्हणाली आणि कठड्याचा सुटत आलेला रंग नखानं काढत राहिली. एवढंच झालं. मग मी पुढची पायरी चढले आणि तिचा चेहरा पुन्हा खाली, नेहमीच्या जागी गेला.

आमचं काम किशोरवयीन मुलांची जीवनकौशल्यं आणि मूल्यं मोजण्याचं. सहकार्य, निर्णयक्षमता, चिकाटी, सहानुभूती. शाळांना नुसते गुण द्यायचा कंटाळा आलेला आहे, त्यांना आता माणसं मोजून हवी आहेत, असं आमच्या मॅडम म्हणतात आणि स्वतःच हसतात. चाचणी बाहेरून आलेली. मूळ चाचणीत सहानुभूती मोजायला एक अनोळखी माणूस कुबड्या घेऊन खोलीत येतो, त्याच्या हातातली पुस्तकं पडतात, आणि मुलं काय करतात ते दोघं निरीक्षक टिपतात. मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे अनोळखी माणूस वर्गात शिरला की ही कार्टी आधी उभी राहून गुड मॉर्निंग म्हणतील. स्थानिक संदर्भ बघायला नको का?" म्हणून त्या माणसाच्या जागी गटातलंच एक मूल घ्यायचं ठरलं. मुलं कागदाचा मनोरा उभारण्यात रमली की ठरलेल्या खुणेवर त्या मुलानं कोपऱ्यात जाऊन पोट धरून बसायचं, मान खाली घालून. कुणी जवळ येऊन विचारपूस करेपर्यंत किती वेळ जातो ते मोजायचं. दहा मिनिटांत कुणीच आलं नाही तर सहाशे सेकंद लिहून थांबायचं. मूल कुणी निवडायचं यावर मीटिंग बरीच लांबली. शिक्षकांना सांगितलं तर ते आपलं लाडकं पुढे करणार, लाडक्याला मदत लगेच मिळणार, आकडे फुगणार. कॉम्प्युटरनं लॉटरी काढावी ही सूचना माझी होती. ती चुकीची नव्हती. आजही मला तीत दोष दाखवता येत नाही.

लॉटरीत सोळा नंबर निघाला. वर्गशिक्षिकेला सांगायला गेले तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "अगं, ती? दुसरी कुणीतरी घे ना. माझ्या वर्गात गुणी मुली पुष्कळ आहेत." "का, हिचं काय?" "काही नाही गं. तिच्या वाटेला कुणी जात नाही, एवढंच. उगाच कशाला?" मी बाहेर येऊन टिपण केलं: वर्गशिक्षिकेचा पूर्वग्रह स्पष्ट, निवड बदललेली नाही. हे वाक्य लिहिताना मला हलकं, स्वच्छ वाटलं होतं. बाईंना वाटत होतं त्या मला काहीतरी सांगताहेत. मला वाटत होतं मी त्यांना पकडलं आहे. मुलं तिला पाल म्हणतात हे मला नंतर कळलं. मधल्या सुट्टीत ती भिंतीला पाठ लावून उभी असते म्हणून पाल. ती वर्गात उत्तर द्यायला उठली की मागच्या बाकांवरून जीभ टाळ्याला लावून चुक चुक चुक असा आवाज येतो आणि फळ्याकडे तोंड केलेल्या शिक्षकांना तो कुठून आला ते कधीच समजत नाही. हे मला आधी कळलं असतं तरी मी निवड बदलली नसती. लॉटरी काढायची आणि आवडला नाही तो नंबर टाकून द्यायचा, याला लॉटरी म्हणत नाहीत.

पहिल्या फेरीत मी खिडकी लावली, ही खूण होती, आणि ती उठून कोपऱ्यात गेली. चांगलं करत होती. फार नाटकी नाही, पोटावर दोन्ही हात, गुडघे जवळ. मुलं मनोऱ्यात होती. दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली, जशी आपण वाजून बंद झालेल्या फोनवरून फिरवतो. एका मुलानं आपला स्वेटर काढून तिच्या बाजूला टाकला, कारण तिथे जागा होती. मग एक दोन वेण्यांची, वर्गाची मॉनिटर, सरळ तिच्याकडे चालत गेली, आणि मला आठवतं, मी अंगठा घड्याळाच्या बटणावर आणला. ती वाकली. मुलीनं मान वर केली. मॉनिटर म्हणाली, "सरक जरा," आणि तिच्या पायाजवळचं चिकटपट्टीचं रीळ उचलून परत गेली. पुढे दहा मिनिटं पुरी झाली. त्या दुपारी मी आणि जोडीदार कँटीनमध्ये अर्धा तास वाद घालत बसलो होतो की ते जवळ येणं धरायचं का. जोडीदार म्हणाला, "आली ना जवळ? बोलली ना? मग धर की, काटा." मला कॉलेजपासून सगळे काटा म्हणतात, वजनकाट्यातला. मी म्हणाले, "बोलणं तिच्या दुखण्याबद्दल हवं. नाहीतर कंडक्टरसुद्धा दिवसभर सहानुभूतीच देतोय, पुढे सरका, पुढे सरका." तो इतका हसला की चहा नाकात गेला. सहाशे लिहिले. दोघांचं जुळलं.

त्या दिवशी फेरी संपल्यावर ती फ्रॉक झटकत माझ्याकडे आली होती. "झालं?" "झालं. छान केलंस." ती गेली नाही. पिंपाच्या तोटीकडे बघत उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "मी नीट केलं नाही का? म्हणून कुणाला कळलं नाही? पुढच्या वेळी जोरात कण्हू?" मी म्हणाले, "नको, दोन्ही वेळी सारखंच हवं." हे उत्तर पद्धतीच्या दृष्टीनं अचूक होतं. बसमध्ये खिडकीच्या काचेवर डोकं टेकवून मी ते पुन्हा म्हणून पाहिलं होतं आणि त्यात काही खोट सापडली नव्हती, तरी काच हलते तसे माझे दात एकमेकांवर हलत राहिले होते.

मला स्वस्थ बसता येतं, ही माझी एकमेव हुशारी असावी. कॉलेजात मी माशांवर काम केलं. एक मासा काचेपलीकडे एकटा ठेवायचा आणि बाकीचे काचेशी किती वेळ घालवतात ते पाहायचं. बाकीचे सगळे विद्यार्थी टाकीजवळ गेले की मासे बिथरायचे. मी गेले की नाही. आमचे सर म्हणायचे, "हिला माशांनी फर्निचर मानलंय." तो एकटा मासा पहिल्या दिवशी काचेला तोंड लावून लावून थकायचा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पाठ फिरवून मागच्या कोपऱ्यात स्थिर व्हायचा. सर त्याला सवय म्हणायचे. मी वहीत सवय लिहायचे. घरी मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा आई मला म्हणाली होती, "जा, तिच्याजवळ बस जरा." मी जाऊन बसले, पलंगाच्या कडेला. ती उशीत तोंड खुपसून रडत होती आणि मला दिसत होतं की रडणं एका लयीत आहे, तीन लहान हुंदके आणि एक लांब. थोड्या वेळानं ती तोंड न काढताच म्हणाली, "तू जा. आईला पाठव. तू बसलीस की असं वाटतं डॉक्टर येऊन बसलाय आणि बिल होतंय." मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी आईला पाठवलं, आई येऊन नुसती रडली, काहीच उपयोगाचं बोलली नाही, आणि बहीण झोपली. ते कसं घडलं हे मला अजून कळलेलं नाही. आईनं काय केलं ते मी पाहिलं आहे. ते कुठल्या रकान्यात जातं ते सांगता येत नाही.

दोन फेऱ्यांच्या मध्ये मुलांना जीवनकौशल्यांचे बारा तास दिले गेले. ते घेणारे प्रशिक्षक भला माणूस, सतत टाळ्या वाजवणारे. "दुसऱ्याच्या बुटात पाय घाला," ते म्हणायचे, आणि मुलं खरोखर एकमेकांचे बूट घालून हॉलभर पळायची. सोळा नंबरचे बूट कुणी घातले का, हे मी पाहिलं नाही. त्या तासांना निरीक्षकांनी जायचं नसतं. दुसऱ्या फेरीला मूल तेच हवं, कोपरा तोच हवा, नाहीतर सुधारणा तासांमुळे झाली की मूल बदलल्यामुळे, हे कुणी सांगायचं? म्हणून सकाळी जिन्यात मी तिला म्हणाले, "हे बघ, शेवटचंच आहे. यानंतर नाही." "दुसरं कुणी नाही चालणार? मॉनिटर करील की. तिला नाटकात घेतात नेहमी." "नाही चालणार." "का पण?" मी खरं तेच सांगितलं. "कारण तुझ्याशिवाय हे होणारच नाही." ती कठड्याचा रंग काढायची थांबली. "माझ्याशिवाय?" "हो. तू नसलीस तर सगळं फुकट. चार महिन्यांचं काम." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला जिन्यातल्या खिडकीकडे बघावंसं वाटलं. चौदा वर्षांत तिला हे कुणी म्हणालं नसावं, आणि पहिल्यांदा म्हणालं ते मी, तेही आकडेवारीच्या अर्थानं. "बरं," ती म्हणाली. "बसते." आणि वर पळत गेली, दोन-दोन पायऱ्या एकदम.

आता मनोरा कमरेएवढा झाला होता. कात्र्यांवरून भांडणं, एक वर्तमानपत्र फाटलं, कुणीतरी कुणाला गाढव म्हणालं, सगळं अपेक्षेप्रमाणे. सोळा नंबर गटाच्या बाहेरच्या कडेला कागदाच्या सुरळ्या करून पुढे सरकवत होती आणि त्या कुणीतरी तिच्याकडे न बघता घेत होतं. मी उठले, खिडकी लावली, जागेवर आले. ती कोपऱ्यात गेली. बसली. हात पोटावर, मान खाली.

"ए, पाल बसली!"

"पाल काय रे, नाव घे, नाव घे. ताई बघतायत."

आणि अख्खा गट उठला. मनोरा कुणाच्या तरी पायानं आडवा झाला, त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मॉनिटर सगळ्यांत पुढे होती, घसरत जाऊन तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहत ओरडली, "ताई, मी पहिली! मी पहिला हात लावला!" "हॅ, उठलो मी आधी." "उठण्याचे मार्क नसतात, येड्या." "अगं बाई गं, काय झालं माझ्या सोनीला?" "पाणी आणा, पाणी! दोन्ही पेले आणा, एकात काय होतंय हिचं." बावीस मुलं. मला तिचा चेहरा त्यांच्या हातांच्या मधून दिसत होता, आणि मी जे पाहिलं ते पाहिलं: पहिल्या क्षणी तिचा त्यावर विश्वास बसला. मान वर आली, तोंड किंचित उघडं, डोळे या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर. तिला वाटलं, आले. तिनं कुणाचा तरी हात धरलासुद्धा. मग तिला त्यांचे डोळे दिसले, जे सगळे माझ्या आणि जोडीदाराच्या पेन्सिलीकडे होते.

"मला काही झालं नाही," ती म्हणाली. "खरंच. सोडा."

"गप गं. तुला फार दुखतंय."

"नाही दुखत. नाटक आहे."

"माहितीये. तूच सांगितलंस ना मागच्या वेळी, मी रडत नव्हते, ताईंनी सांगितलेलं नाटक होतं? मग कर की. आम्हीपण करतोय."

म्हणजे पहिल्या फेरीनंतर कुणीतरी तिला विचारलं होतं, कोपऱ्यात बसून रडत होतीस ना, आणि तिनं मान ताठ ठेवायला तेवढं सांगून टाकलं होतं. माझ्या चार महिन्यांच्या कामाला भोक पडलं ते तिथे, आणि ते बुजवता येणार नव्हतं. माझ्या डोक्यात हा विचार आला तोच आधी आला, हे नोंदवायला हवं. ती उठायला लागली तशी मॉनिटरनं तिचे खांदे दाबून खाली बसवलं. "बस. वेळ संपली नाही अजून." पहिली मदत आली की घड्याळ थांबतं, पण मदत कशी केली हे पाहायला निरीक्षण दहा मिनिटं पुरं चालतं. हेही मुलांना कुठून तरी कळलेलं होतं. वर्तमानपत्रानं वारा घालणारे दोघं होते, कागद तिच्या नाकाला लागत होता. तिच्या ओठांना पेला लावलेला, तिनं तोंड मिटलं, पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि फ्रॉकच्या आत गेलं. केसांवरून हात फिरवणाऱ्यांची रांग लागली, प्रत्येक जण फिरवून माझ्याकडे बघे आणि पुढच्याला जागा देई, आणि दर हातागणिक तिचं डोकं थोडं जास्त खाली जाई. मग कुणीतरी सुरू केलं, अगदी हळू, मायेच्या आवाजात, जीभ टाळ्याला लावून. चुक चुक चुक. रडू नको हं. चुक चुक. सगळ्यांनी उचललं. आता ती खरंच रडत होती. हातांच्या मधून तिनं मला शोधलं आणि म्हणाली, "ताई, सांगा ना यांना."

त्या दहा मिनिटांत निरीक्षकानं बोलायचं नसतं, हलायचं नसतं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पायाच्या बोटांनी मी चपलेचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता, इतका की नंतर बोट सुजलं. उठून दहा पावलं गेले असते तर फेरी बाद झाली असती, एवढंच झालं असतं. कुणी मला फासावर दिलं नसतं. मला हे त्याच वेळी स्पष्ट दिसत होतं, टाकीतल्या पाण्याइतकं. मी बसून राहिले, कारण बसून राहणं मला येतं. वेळ संपली तेव्हा जोडीदारानं टाळी वाजवली, आणि मुलांनी तिच्यावरचे हात सगळे एकदम काढले, खेळाची शिट्टी वाजल्यासारखे. "सर, आम्ही किती?" "फुल्ल मार्क ना?" "ए, मनोरा कुणी पाडला रे?" ती कोपऱ्यातच होती. थोड्या वेळानं उठली, ओला गळा बाहीनं पुसला, आणि माझ्यासमोरून दाराकडे गेली. झालं का, हे तिनं विचारलं नाही. मी तिच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत होते, भांग, कान आणि मान.

"काय सुधारलीत राव पोरं," जोडीदार खुर्ची माझ्याकडे ओढत म्हणाला. "सहाशेवरून कुठे आली बघ. मॅडम पेढ्यांसारखा वाटत फिरतील हा आकडा. आण तुझा कागद, जुळवू." गुणवत्तेचे पाच मुद्दे होते: जवळ जाणं, स्पर्श, विचारपूस, वस्तू देणं, सांत्वनाचे उद्गार. चार दोघांचेही होय. "पाचवा कोरा का गं? सांत्वनाचे उद्गार. सगळे चुक चुक करत होते की, तान्ह्या बाळाला करतात तसं. मला तर भरून आलं." त्याला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता. तो वर्गात कधी बसला नव्हता, वर्गाच्या निरीक्षणाची टिपणं फक्त मी वाचली होती. पाचव्या रकान्यात मी नाही लिहिलं असतं तर आमचं जुळलं नसतं; जुळलं नाही की कारण लिहावं लागतं; कारण लिहिलं असतं तर मॅडमनी वर्गशिक्षिकेला बोलावून विचारलं असतं की या शाळेत चुक चुक म्हणजे काय, आणि बाईंना ते एकदा तरी मोठ्यानं म्हणावं लागलं असतं. मुलगी अजून गेटपर्यंतही पोचली नसेल. जोडीदार पेन्सिलीच्या टोकानं त्या रकान्यावर टकटक करत होता. "अगं काटा, ऐकू आलं नाही का तुला?"

"आलं," मी म्हणाले, आणि लिहिलं.

दुसरी फेरी, सोळा नंबर. मदत येईपर्यंतचा काळ: चार सेकंद. सहानुभूती: पाचपैकी पाच. निरीक्षकांमधलं एकमत: शंभर टक्के.